भाव मागितला, कोंबडा मिळाला



कापसाला भाव मागितला की सरकार आपल्याला जोडधंदा शिकवते. ज्वारीला भाव मागितला की शेळी देते. दोन्हींना भाव मागितला की कोंबडा देते. हा आपल्या कोरडवाहू मुलखाचा आजवरचा अनुभव आहे. शेती तोट्यात का, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसले की परसात काहीतरी आणून सोडायचे, त्याचा फोटो काढायचा आणि कागदावर लाभार्थ्याचा अंगठा घ्यायचा. जोडधंदा करा म्हणून सांगणारा माणूस एक गोष्ट न बोलता कबूल करत असतो. मुख्य धंदा तोट्यात आहे हे त्याला माहीत आहे.

तरीही या अंकात आम्ही कोंबड्यावरच लिहिणार आहोत, आणि तेही गांभीर्याने. कारण परसातली कोंबडी सरकारने आपल्याला दिलेली नाही. ती आपल्या आज्यांनी सांभाळलेली आहे. घरातला कापूस पुरुष विकतो, पट्टी पुरुषाच्या हातात येते आणि बँकेच्या किंवा सावकाराच्या दारात संपते. अंडी आणि कोंबडी बाई विकते. मीठमिरची, पोराची वही, सासूचे औषध हे त्या पैशातून होते. ज्या मालावर कर्जाचा बोजा नाही, ज्याला सोसायटीचा सचिव हात लावत नाही, असा घरात उरलेला हा एकच माल. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली आणि मागच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्याच काळात मोठ्या शेडमधल्या कोंबड्या वाढल्या फक्त साडेचार टक्क्यांनी. म्हणजे ज्या कोंबडीला शहाणे लोक मागासलेली म्हणतात, ती बायाबापड्यांनी स्वतःच्या हिशेबाने वाढवली. त्यांचा हिशेब चुकीचा होता असे म्हणण्याआधी तो समजून घेतला पाहिजे.

आता मुद्द्याकडे येऊ. कळपात नवा नर आणावा की नाही? आणावा. याबद्दल आमच्या मनात शंका नाही. वाद आहे तो कोणता नर, कुठून, कसा आणि कोणाच्या मर्जीने, याबद्दल.

नवा नर का, ते आधी सांगतो. ज्या घरात सात-आठ कोंबड्या आहेत तिथे एक नर पुरतो. पिलांतले अर्धे रक्त आईचे आणि अर्धे त्या एका नराचे. गावाचा वळू बिघडला की सगळी गोऱ्हीकालवडी बिघडतात हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कोंबड्याचेही तसेच. कळपाचे निम्मे रक्त त्या एका तुऱ्याखाली असते. तोच नर तीन-चार वर्षे राहिला की पुढे तो आपल्याच लेकींवर येतो. बाप-लेकीच्या अशा एकाच संयोगात पिलात २५ टक्के आंतरप्रजनन उतरते. सख्ख्या भावंडांतही तेवढेच. त्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. रिकामी अंडी वाढतात, पिले कवचात मरतात, निघालेली लुळी राहतात, बारीकसारीक रोगाला बळी पडतात. घरातली बाई म्हणते, हल्ली कोंबडीचा हात चांगला लागत नाही. हात चांगलाच असतो, नर जुना झालेला असतो. म्हणून दर एक-दोन वर्षांनी नर बदलला पाहिजे, आणि नवा नर आपल्या कळपाच्या नात्यातला नसला पाहिजे.

हे शास्त्र सरकारलाही ठाऊक आहे. किंबहुना अर्धेच ठाऊक आहे आणि तिथेच घोळ आहे. सामूहिक विकास योजना १९५२ साली सुरू झाली. तेव्हापासून विलायती नर खेड्यात देऊन गावठी कळप 'सुधारण्याचा' विचार रुजला. ऱ्होड आयलंड रेड आणि व्हाइट लेगहॉर्न हे त्यातले मानाचे मानकरी. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही हाच प्रयोग झाला. गावठी नर द्या, सुधारित न्या. बहुतेक ठिकाणी शेवट सारखाच झाला. पहिल्या पिढीत पिले मोठी दिसली, अधिकारी खूश झाले, मग मरी आली आणि नवाही गेला, जुनाही गेला.

असे का होते? आम्ही कृषी पदवीला शिकलो तेव्हा पुस्तकात लेगहॉर्नला पानेच्या पाने होती आणि गावठी कोंबडीच्या वाट्याला दोन ओळी, त्याही ती कमी अंडी देते हे सांगण्यापुरत्या. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते हे खरे. पण ती खुडूक बसते, एकवीस दिवस अंड्यावरून उठत नाही, पिले काढते, घार आली की पंखाखाली घेते, उकिरड्यावर किडे उकरायला शिकवते. लेगहॉर्नच्या रक्तातून खुडूक बसणे जाणूनबुजून काढून टाकलेले आहे, कारण खुडूक कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही. शेडवाल्याकडे उबवणीचे यंत्र आहे, त्याला ते परवडते. आपल्या परसात यंत्र म्हणजे ती कोंबडीच. तिच्या लेकीत असा नर घातला की दोन पिढ्यांत अंडी वाढतात आणि ती उबवणारे कोणी उरत नाही. मग पिलांसाठी पुन्हा केंद्राच्या दारात जायचे.

संकरित बियाण्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली, एच-४ हा संकरित कापूस १९७० साली आला. उत्पन्न वाढले हे आम्ही नाकारत नाही. पण त्या पिकाचे बी घरी धरून पुन्हा पेरले तर रान सारखे उगवत नाही, हे प्रत्येक कास्तकाराने डोळ्यांनी पाहिले आहे. संकरित पक्ष्याचेही तेच. त्याची पिले आईबापासारखी निघत नाहीत. बियाण्याच्या बाबतीत निदान पिशवीवर तसे लिहिलेले असते. कोंबडा देताना मात्र हे कोणी सांगत नाही.

दुसरी बाजू खाद्याची. राज्याच्या योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर वाटला गेला. कागदावर हे दिसायला फार छान. आता आपण पाटीवर हिशेब मांडू. मोठ्या जातीचा पक्षी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खातो. अठ्ठावीस पक्षी म्हणजे दिवसाला दोन किलो आठशे ग्रॅम. वर्षाला झाले दहा क्विंटल. कोरडवाहू ज्वारीच्या सुमारे तीन एकरांचे हे पीक. अर्धे त्यांनी उकिरड्यावर भागवले असे धरले तरी पाच क्विंटल धान्य घरातून गेले. ज्या घरी माणसांची ज्वारी उन्हाळ्यात संपते त्या घरी हे पाच क्विंटल कुठून यायचे, हे योजनेच्या कागदावर लिहिलेले नसते. अनुदान पक्ष्याच्या किमतीवर, खर्च त्याच्या पोटाचा. आणि पोट तर रोजचे.

तिसरी बाजू सगळ्यांत मोठी. ती आहे मानमोडीची. राणीखेत म्हणतात ती हीच. हिंदुस्थानात हा रोग १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखला गेला, म्हणून हे नाव. हिरवी हगवण, धाप, वाकडी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. यावरची आर-टू-बी लस मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली. म्हणजे पाऊणशे वर्षे औषध देशात आहे आणि तरीही उन्हाळा आला की गावेच्या गावे कोंबड्यांनी रिकामी होतात. का? कारण लशीची कुपी शंभर, दोनशे, पाचशे पक्ष्यांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या घराला ती कशी परवडावी? शेडवाल्याच्या मापाने औषध आणि कास्तकाराच्या परसात सुधारित कोंबडा, असा हा धंदा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उष्णतेत टिकणारी आय-टू नावाची लस तयार झाली, डोळ्यात एक थेंब टाकायची. मोझांबिक, टांझानियासारख्या गरीब देशांत गावच्याच माणसांनी ती घरोघर दिली. आपल्याकडे अग्रक्रम वेगळा ठरला. आधी पक्षी, मग फोटो, लस जमली तर.

आणि नुसती लस नसणे एवढेच नाही. बाहेरून आलेला नर स्वतःच रोगाचे वाहन असतो. तो दिसायला ताठ, तुरा लाल, आरवतो झोकात. पण अंगात रोग घेऊन आला असेल तर काही दिवसांत सगळे खुराडे मान टाकते. रोग नराने आणला हे कोणाच्या नोंदीत येत नाही. नोंदीत येते, लाभार्थ्याने निगा राखली नाही. चूक योजनेची, खापर बाईच्या डोक्यावर.

एक हिशेब आणखी मांडतो, म्हणजे नवा नर आणि लस यांत आधी काय हे ठरेल. समजा एका गावठी कोंबडीने वर्षात अठ्ठेचाळीस अंडी दिली. छत्तीस उबवायला ठेवली, सत्तावीस पिले निघाली. घार, बोका, मुंगूस, पाऊस आणि मानमोडी यांतून सात वाचली. आता कोंबडी तीच, नर तोच. फक्त पहिला महिना पिले डालग्याखाली राखली आणि लस वेळेवर टोचली. सातची चौदा झाली तर उत्पन्न दुप्पट झाले. त्याला ना विलायती रक्त लागले, ना दहा क्विंटल खाद्य. आधी गळती थांबवायची, मग विहीर खोल करायची, हे साधे शहाणपण आहे. सरकार नेमके उलटे करते, कारण खोदकामाचे उद्घाटन करता येते, गळती बुजवण्याचे करता येत नाही.

इथे दोन प्रकारचे लोक आमच्यावर तुटून पडतील.

पहिले म्हणतील, तुम्ही विज्ञानाच्या विरोधात आहात. मुळीच नाही. ज्याच्याकडे पाणी आहे, खाद्य आहे, रस्त्यालगत अंड्याचे गिऱ्हाईक आहे, त्याने वनराजा ठेवावी, गिरिराजा ठेवावी, शेड घालावे, कर्ज काढावे, नफा कमवावा. आम्ही त्याच्या आड येणार नाही आणि सरकारनेही येऊ नये. आमचे म्हणणे एवढेच की निवड त्याची असावी, उद्दिष्टाचा आकडा तालुक्याच्या कचेरीचा नसावा. विज्ञान म्हणजे एकच पक्षी साऱ्या जिल्ह्याला वाटणे नव्हे.

दुसरे म्हणतील, गावठी तेवढेच सोने, बाहेरचे सगळे विष. हेही आम्हाला मान्य नाही. गावठीच्या नावाने केवढी फसवणूक होते ते २०१९ साली सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या कडकनाथवाल्यांना विचारा. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळात काळ्या कोंबडीचा बोलबाला झाला, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत विकत घेऊ अशी हमी मिळाली, आणि माल तयार झाला तेव्हा घेणारा जागेवर नव्हता. कोंबडी खरी होती, हमी खोटी होती. जातीचे गुणगान करून पोट भरत नाही. गिऱ्हाईक कोण, भाव काय, मरतूक किती, हे तीन प्रश्न गावठीलाही विचारा आणि विलायतीलाही.

मग करायचे काय? गावात आजपासून करता येईल असे सांगतो. यातले बरेच आपल्या बायांना ठाऊक आहे. ते फक्त एका ठिकाणी मांडतो.

१. शक्य असेल तर नर आणूच नका, अंडी आणा. चार-सहा कोसांवरच्या, आपल्या कळपाशी नाते नसलेल्या गावातली, ज्या घरी मानमोडी आलेली नाही तिथली, आठवड्याच्या आतली, नर फिरत असलेल्या कळपातली बारा अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवा. अंड्यातून नवे रक्त येते आणि मानमोडीचा धोका मोठ्या पक्ष्याच्या मानाने फार कमी राहतो. त्यातला चांगला नर राखा. तो कळपातच वाढतो, म्हणून झुंजही कमी.

२. नर आणायचाच तर आठवडी बाजारातून आणू नका. बाजारात दहा गावांचे पक्षी एका टोपलीत बसतात. ओळखीच्या घरून, आई-बाप पाहून आणा. ज्या कोंबडीने जास्त पिले जगवली तिचा नर घ्या, नुसता रंग आणि तुरा पाहून घेऊ नका. सव्वा किलोच्या कोंबडीवर चार किलोचा नर घातला तर तिची पाठ सोलली जाते. पांढरा नर घारीला लांबून दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

३. आणलेला नर तीन आठवडे वेगळा, लांबच्या खोपीत ठेवा. त्याचे पाणी वेगळे, भांडे वेगळे. आधी आपल्या कोंबड्यांना चारा घाला, मग त्याला, उलटे करू नका. गोचीड आणि उवा पाहा. तिसऱ्या आठवड्यात घरची एक कोंबडी त्याच्याजवळ ठेवा. ती ठणठणीत राहिली तर पुढे जा.

४. जुना नर आधी काढा. जुना असताना नवा सोडला तर दोघांत एक रक्तबंबाळ होतो. नवा नर डालग्याखाली झाकून चार-पाच दिवस कळपाच्या नजरेसमोर ठेवा, मग रात्री खुराड्यात सोडा. सकाळी सगळे एकत्र उठतात, दंगा कमी होतो. सहा महिन्यांचा कोवळा नर थोराड कोंबड्याच झोडपून काढतात. आठ-दहा महिन्यांचा घ्या. पहिले काही दिवस चारा-पाणी दोन ठिकाणी ठेवा.

५. लगेच अंडी उबवायला ठेवू नका. कोंबडीच्या पोटात जुन्या नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. जुना नर काढून तीन आठवडे झाल्यावरची अंडी ठेवा, तरच पिले नव्याची असल्याची खात्री.

६. लस गावाने मिळून घ्या. एका गल्लीतली पंधरा घरे मिळाली की शंभराची कुपी वाया जात नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, आठ आठवड्यांच्या पुढे पंखाखाली आर-टू-बी. सहा आठवड्यांच्या आतल्या पिलाला आर-टू-बी कधीही नको, आणि आजारी पक्ष्याला कोणतीच लस नको. कामाला सूर्य वर येण्याआधी सुरुवात करा, बर्फ थर्मासात ठेवा.

७. पक्षी भराभर मरू लागले तर उरलेले बाजारात नेऊ नका, मेलेले नाल्यात टाकू नका, खोल पुरा आणि पशुवैद्यकाला कळवा. बर्ड फ्लू २००६ साली नवापूरला आला तेव्हा शेडांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला. लपवलेला रोग शेजारच्या गावाला भोवतो.

एवढे आपले आपण करू शकतो, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. पण जे सरकारच्या हातात आहे त्याचा जाब विचारायला जिल्हा बैठक आहे. आम्ही चार मागण्या बैठकीपुढे ठेवतो. पक्षीवाटपाच्या आधी लसीकरण झालेच पाहिजे, आणि लस न टोचलेला एकही पक्षी गावात येता कामा नये. वीस-पंचवीस पक्ष्यांची छोटी कुपी आणि उष्णतेत टिकणारी लस गावापर्यंत पोचवा, गावातल्या बायांनाच ती द्यायला शिकवा आणि कामाचा मेहनताना द्या. वाटलेल्या गटांतले एका वर्षानंतर किती पक्षी जिवंत आहेत याची यादी गाववार जाहीर करा, वाटपाचे आकडे आम्हाला नकोत. आणि कृषी व पशुवैद्यकीय विद्यापीठांनी या मुलखातली खुडूक बसणारी, उकिरड्यावर जगणारी कोंबडी पैदाशीला घ्यावी, निवडीने तीच सुधारावी.

या बैठकीला बाया आल्या पाहिजेत. कोंबडी त्यांची, हिशेब त्यांचा, मग ठराव फक्त पुरुषांनी का करावा? ज्या घरातून नवरा एकटाच येईल त्याला आम्ही दारात विचारणार आहोत, तुमच्या खुराड्यात पक्षी किती? उत्तर आले नाही तर त्याने परत जाऊन घरधनिणीला घेऊन यावे.

आणि शेवटचे. या चारही मागण्या मान्य झाल्या तरी कापसाच्या भावाची मागणी आम्ही सोडणार नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि कोंबडा दिला म्हणून कापसाचा भाव विसरायचा नाही.